कण्हेर कट केली

माझ्या शेजाऱ्याने मला फसवलं. तो पुण्याचा, मी नागपूरचा. कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोतल्या आमच्या दोन घरांमध्ये भिंत नव्हती. माझी कण्हेर हेच कुंपण, आणि ते माझ्या हद्दीत.

२००१ साली नोकरी गेली तेव्हा ती लावली. नर्सरीवाला वाळकी रोपं फेकायला निघाला होता. तासभर हुज्जत घालून नऊ उचलून आणली. पुढे पाणी जवळजवळ दिलंच नाही, तरी ती आठ फुटांवर गेली, उन्हाळाभर गुलाबी. तिच्या आडोशाला बायको गाऊनवर निवांत चहा प्यायची.

२००८ च्या मे महिन्यात शेजारी दारात आला. "काका, कण्हेर फार वाढलीय यार, ड्राइव्हवेवर येते. मीच कट करू का?"

"कर की." फुकटात काम होत होतं.

संध्याकाळी ऑफिसातून आलो तर नऊच्या नऊ झाडं जमिनीलगत कापलेली. ताज्या खुंटांवर चीक, आणि बायको पडदे ओढून आत.

मी मनगटाएवढी फांदी उचलली आणि त्याच्या दारावर हाणली. तो बाहेर आला. "काका, तुम्हीच हो म्हणालात!"

"छाटायला म्हणालो! केस कट करायला जातोस तेव्हा मुंडकं तिथेच ठेवून येतोस का रे?"

"विषारी झाड आहे. माझ्या मुलीने पान चावलं असतं तर?"

"मुलगी चार वर्षांची झाली. आज सुचलं?"

मी त्याची कॉलर धरून त्याला गाडीवर तोंडघशी आपटलं. त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला, दात हलला. मी फांदी त्याच्या खांद्यावर घातली, परत घातली. त्याच्या बायकोने पोलीस बोलावले.

नाकाचं रक्त पुसत तो पोलिसाला इंग्रजीत म्हणाला, "कट करू का विचारलं, हे हो म्हणाले." म्हणालो होतोच. इंग्रजीत झाड 'कट' म्हणजे तोडणंच, माझी बाजू तिथेच मेली. आपण मराठीत नखंसुद्धा कट करतो, हे त्या पोलिसाला काय सांगणार?

तिसऱ्या दिवशी काँक्रीटचा ट्रक आला. शेजाऱ्याचा ड्राइव्हवे माझ्या खुंटांपर्यंत रुंद झाला. कामगार सहज बोलून गेला, हे काम महिन्यापूर्वीच ठरलं होतं.

मग माझ्या दारात उभा राहून 'छाटू' नाही, 'तोडू' नाही, 'कट' हाच शब्द का काढलास? माझ्या बायकोसमोर ये आणि मराठीत उत्तर दे.