टोपीची शिवण

हातात विणकाम घेऊन चारचौघांत बसू नये. पुस्तक वाचणाऱ्याचं पान कुणी परस्पर उलटत नाही, पण सुया दिसल्या की प्रत्येकाची जीभ सुटते. "वेळ बरा मिळतो हो तुम्हाला!" "हल्ली हे सगळं तयार मिळतं की." "इथे टाका सैल पडलाय." छंद माझा, लोकर माझी, आणि मत मात्र साऱ्या गावाचं.

परवा दवाखान्यात तेच झालं. ताईला आत केमो चालू होती आणि मी बाहेर तिच्यासाठी विणलेली टोपी मागून शिवत बसले होते. शेजारच्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईंनी न विचारता ती माझ्या हातातून घेतली. आतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही शिवण उसवा."

माझं डोकंच फिरलं. "आवडीनं केलीय मी," मी तोडून म्हटलं.

"ते दिसतंय. पण उशीला डोकं टेकलं की ही टोचते. चार सुयांवर गोल विणा, म्हणजे शिवण येतच नाही."

"तुम्ही विणता का?"

"नाही, एका विणणारीला विचारून घेतलंय." त्यांनी पदर जरासा मागे सरकवला. डोक्यावर एक केस नव्हता आणि मानेच्या वर एक लाल वळ उठला होता. "माझ्या सुनेनंही आवडीनंच विणली होती. तिला कसं सांगू?"

माझा राग अजून उतरला नव्हता, पण तो आता कुणावर काढायचा तेच कळेना. मी शिवणीचं टोक शोधलं आणि धागा ओढायला लागले.