पाण्याच्या दिवशी कुलूप

गोकुळबद्दल मी जेवढं वाईट बोलले असेन, तेवढं सख्ख्या नणंदेबद्दलही बोलले नसेन. तो आमच्या पुंडलिकनगरचा लाइनमन. लांब लोखंडी चावी घेऊन रस्त्यातल्या खड्ड्यात उतरायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि गल्लीला पाणी सोडायचं, हे त्याचं काम. आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी आम्ही लग्नाला जात नाही, दवाखान्यात जात नाही, आणि पाहुणा आलाच तर त्याच्याही हातात बादली देतो. पाणी अर्धा तास लांबलं की सगळी गल्ली एकट्या गोकुळला धरते. मी बँकेतून निवृत्त झालेली शिकलीसवरलेली बाई, पण या कामात सगळ्यांच्या पुढे.

माणूस सोयगावकडचा, पन्नाशीचा. पँट गुडघ्यापर्यंत ओली. कितीही बोला, उलटून उत्तर नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी तो पाणी प्यायला माझ्या पायरीवर टेकला. मी फोनवर वाचत होते. त्यानं वाकून पाहिलं.

"काकू, तुमी बी 'भुयारनगरी' वाचता व्हय?"

मी चाटच पडले. 'भुयारनगरी' ही फोनवर दर शनिवारी एकेक भाग येणारी कादंबरी. आपल्या शहरासारखंच शहर, तसेच जुन्या वेशींचे दरवाजे, तशाच रिक्षा. आणि खाली पाण्याच्या जुन्या भुयारांत माणसांच्या सावल्या चोरणारी दुसरी वस्ती. त्या वस्तीवर हुकूम चालवणारा एक 'मालक' वरच्या शहरात साध्या माणसाच्या वेषात राहतो. तो कोण, हे लेखिकेनं दीड वर्ष लपवून ठेवलं होतं. वाचकांचा तीन हजार जणांचा ग्रुप होता आणि त्यात मालकावरून रोज हमरीतुमरी चालायची. बासष्टाव्या वर्षी मीही त्यात होते, हे मी गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं.

"आमची मोनिका हाय त्या ग्रुपात," गोकुळ म्हणाला. "घरी माझ्याशी बोलत नाय ती. म्हणलं, आपण बी वाचावं. बोलायला कायतरी पायजे ना."

मोनिका त्याची एकुलती एक, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. वडील ऑफिसात आहेत असं तिनं मैत्रिणींना सांगितलेलं. एकदा हा डबा द्यायला कॉलेजात गेला, तर 'आमच्या गावाकडचे आहेत' एवढीच ओळख करून दिली. हे त्यानं मला बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. मला मात्र वाईट वाटलं.

ग्रुपात तिचं खरंच नाव होतं. मालक म्हणजे शंभू चावीवालाच, असं सांगणारा तिचा 'सात पुरावे' हा लेख सगळ्यांनी डोक्यावर घेतला होता. शंभू कोण, तर कादंबरीतला पाणी सोडणारा. गोकुळनं लेख काढला आणि बोट ठेवून मला वाचून दाखवला. शंभू वेळी-अवेळी फिरतो. प्रत्येक घराची खबर त्याला असते. कपडे कायम ओले, कुठून आला ते सांगत नाही. शिव्या दिल्या तरी चिडत नाही, म्हणजे आत काहीतरी शिजतंय. आणि सातवा पुरावा: अशा माणसाकडे आपण कधी नीट बघतच नाही, मग लपायला याहून चांगली जागा कुठली?

"काकू, हे समदं तर माझंच हाय," तो म्हणाला.

त्या लेखाखाली मी लाल बदाम दिला होता. ते काही मी त्याला सांगितलं नाही. मान खाली घालून विचारलं, "उत्तर द्यायचं का?"

मग 'सोयगावकर' या नावानं आम्ही खातं उघडलं. तो सांगायचा, मी टाइप करायची. पहिलंच उत्तर असं: "शंभू चिडत नाही, कारण चिडून व्हॉल्व्ह उघडता येत नाही. बावीस आटे असतात, ते मोजत हळू फिरवावे लागतात. एकदम उघडला तर पाइप फुटतो."

दोन दिवसांनी मोनिकाचं उत्तर आलं. 'सर, हा मुद्दा मला माहीत असायला हवा होता.' तो 'सर' त्यानं चार वेळा वाचला. पुढे दोन महिने बापलेक असे वाद घालत राहिले, तेही माझ्या पायरीवरून. चहा अर्थात माझा.

एके दिवशी तो खड्ड्यातून वर आला तोच बोलत. "काकू, गुरुजी! गुरुजीच मालक!"

देवदत्त गुरुजी म्हणजे कादंबरीतला सर्वांत गोड म्हातारा. पण एका भागात नायिका त्यांच्याकडे जाते तेव्हा दाराला कुलूप असतं, आणि तो पाण्याचा दिवस असतो.

"पाण्याच्या दिवशी कुलूप? आपल्या गावात?" गोकुळ म्हणाला. "त्यो माणूसच नव्हं."

हे आम्ही लिहिलं आणि ग्रुपातली इथली सगळी मंडळी एका दिवसात फिरली. उस्मानपुऱ्यातल्या एकानं तर गुरुजींना शिव्याच घातल्या. संध्याकाळी मोनिकानं लिहिलं, 'सर, मी हरले. शंभू निर्दोष आहे.'

"सोडलं तिनं शंभूला," गोकुळ म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. मालक कुणी का असेना, त्याला त्याचं काही नव्हतं. पोरीनं आपल्यासारख्या पाणी सोडणाऱ्या माणसावर संशय घेऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

शेवटचा भाग आला तो शनिवार नेमका आमच्या पाण्याचा दिवस. सकाळी अकराला मी वाचला. मालक शंभूच निघाला. आणि गुरुजी? ते भाजी आणायला गेले होते म्हणे. पाण्याच्या दिवशी! लेखिका पुण्याची, तिला बिचारीला काय माहीत. आम्ही ज्याला पुरावा समजलो, तो तिच्या खिजगणतीतही नव्हता.

मी खड्ड्यापाशी गेले. गोकुळनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"शंभूच ना?"

मी मान हलवली.

"असू द्या. गोष्ट हाय ती." तो चावी फिरवत राहिला. मग थांबला. आटे मोजायचे चुकले होते. त्यानं उलटी फिरवून व्हॉल्व्ह परत बंद केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात माझा फोन वाजला. ग्रुपात मोनिकानं लिहिलं होतं. मी तिथंच उभी राहून मोठ्यानं वाचलं.

'लेखिकाताई, तुमच्याकडे रोज पाणी येत असणार. हा शेवट मला मान्य नाही. माझे सात पुरावे मी मागे घेते. ते मी घरात बघून लिहिले होते. माझे पप्पा पुंडलिकनगरला लाइनमन आहेत. लहानपणी मी खड्ड्याच्या काठावर बसून त्यांचे आटे मोजायचे. बावीस. सोयगावकर सरांनी तो आकडा लिहिला, त्याच दिवशी मी त्यांना ओळखलं. घरी बोलायची हिंमत होत नव्हती, म्हणून इथं वाद घालत राहिले.'

"परत वाचा, काकू," गोकुळ खालून म्हणाला.

मी परत वाचलं. मग त्यानं चावी भिंतीला टेकवली, हात शर्टाला पुसले आणि फोन स्वतःच मागून घेतला. मागं गल्ली तापली होती. समोरच्या घरातले अप्पाराव गेटातून ओरडले, बारा वाजत आले, पाणी कुठंय, हा गोकुळ करतोय काय खाली?

"थांबा जरा," मी म्हणाले. "वाचतोय तो."