रविवारचं पाणी

मामा आधी टाकीत बोट बुडवायचे आणि मग माणसाला नमस्कार करायचे. खुद्द प्राचार्य दारात उभे असले तरी क्रम तोच. एकदा प्राचार्य वैतागून म्हणाले, "अहो, आम्हीही आलो आहोत!" मामा बोट पुसत म्हणाले, "तुमाले दम घेता येते, साहेब. तिले नाई येत."

'ती' म्हणजे आमच्या अकोल्याच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं समुद्रफूल. फूल आपलं नावापुरतं. खरं तर तो प्राणी. साठ सालच्या आसपास मुलांची सहल घेऊन मी मुंबईला गेलो आणि येताना अशी तीन आणली. सोबत चार मोठ्या बरण्या समुद्राचं पाणी, आणि रेल्वेच्या डब्यातल्या सगळ्यांच्या शिव्या. मी अमरावतीचा, नुकताच नोकरीला लागलेला. उत्साह दांडगा, पण समुद्राचा जीव कसा सांभाळायचा याची अक्कल शून्य. टाकी आली मामांच्या गळ्यात. ते प्रयोगशाळेचे शिपाई, आणि समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

पाण्यात हवा मिसळत राहिली पाहिजे, एवढं मी त्यांना सांगितलं. पंप कुठला असायला! दुसऱ्या दिवशी पाहतो तर टाकीवर तिवई, तिवईवर माठ, माठाला खाली भोक, भोकात चिंधी आणि टाकीत बारीक धार. महादेवाच्या पिंडीवर गळती असते ना, अगदी तशी. टाकीतलं पाणी मगाने माठात ओतायचं, ते परत खाली पडायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी जाताना माठ काठोकाठ भरून चिंधी घट्ट करायची, म्हणजे सकाळपर्यंत थेंब थेंब पडत राही. मुलं चिडवायची, "मामा, अभिषेक चालू हाय काय?" मामा म्हणायचे, "पानी चालतं पायजे, बापू. थांबलं का मेलं."

एकदा मी शहाणपणा करून धार नेमकी एका समुद्रफुलावर धरली. म्हटलं, घे भरपूर हवा! बाईसाहेब झटकन मिटल्या त्या संध्याकाळपर्यंत उघडल्याच नाहीत. मामा म्हणाले, "तुमच्या तोंडावर कोनी पानी मारलं तं तुमी डोये उघडसान काय, सर? बाजूनं जाऊ द्या. तिच्या अंगावरून वारं गेल्यावानी गेलं पायजे." मी एम.एस्सी. झालेला माणूस. मुकाट्याने धार बाजूला वळवली.

पहिल्याच उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर आटायला लागलं. सुटीला अमरावतीला निघताना मी म्हटलं, "मामा, कमी झालं की भर घाला." परत येऊन पाहतो तर तीनपैकी दोन समुद्रफुलं गोळा होऊन मरून पडलेली. मामांचं गाव पूर्णेकाठचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. मामांनी सायकलवरून डबे भरभरून तेच आणून ओतलं होतं. समुद्राच्या जिवाला खारंच पाणी हवं, नाही का? आता, आटतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून वरून गोडंच घालायचं असतं, हे मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी होती आणि मी तसं म्हटलंही. मामा ऐकेनात. "दोन मी मारल्या, सर. राह्यली तिले आता सोडत नाई."

आणि खरंच सोडलं नाही. रविवार असो, दिवाळी असो, कॉलेजभर शुकशुकाट आणि आत मामा नि ते समुद्रफूल. मी म्हणायचो, "घरी जा हो." ते म्हणायचे, "घरी काय हाय, सर? चार भांडे हायत. ते काय माही वाट पायतेत?" बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांच्याशी कामाशिवाय बोलणारं अख्ख्या अकोल्यात कोणी नव्हतं. आणि खरं सांगतो, मीही कामापुरताच बोलायचो.

मला त्यांची दया आली आणि तिथेच घोटाळा झाला. प्राचार्यांच्या मागे लागून मी मुंबईहून विजेवरचा छोटा पंप मागवला. बटण दाबताच टाकीत बुडबुडे सुटले आणि समुद्रफुलाने सगळे हात पसरले. इतकं ते कधीच उघडलं नव्हतं. मुलांनी टाळ्या पिटल्या. मी मोठ्या फुशारकीने म्हटलं, "मामा, सुटलात! आता रविवारी आराम." मामांनी माठ खाली उतरवला. बराच वेळ फडक्याने पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग रविवारी मी काय करू म्हनता, सर?"

मी हजेरीपट उघडून बसलो.

त्यानंतर मामा बोलेनासेच झाले. काम चोख, पण तोंडातून शब्द नाही. दोन महिन्यांनी एका रविवारी भर दुपारी गावातली लाईन गेली. पंप बंद पडला असणार! मी सायकल हाणत कॉलेजात पोचलो, तर मामा आधीच हजर. माठ तिवईवर, सदरा घामाने चिंब, आणि चेहरा घरात लग्न निघाल्यासारखा. "लाईन गेली, सर!" ते ओरडले. "भेऊ नोका. मी हाओ ना."

पुढच्या शनिवारपासून मी जाताना पंप बंद करू लागलो. म्हटलं, "मामा, यंत्र तापतं हो. आठवड्यातून एक दिवस त्याला विसावा लागतो."

मामांनी पंपावर हात ठेवून पाहिला. "गार तं लागून राह्यला, सर."

"आतून तापतो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "असन, बापा," म्हणाले आणि माठ धुवायला घेतला. त्यांना सगळं कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. आमची ही लबाडी तीन वर्षं चालली. रविवारी मीही चहा घेऊन तासभर जाऊन बसायला लागलो. खूप आधी बसायला हवं होतं.

तिसऱ्या पावसाळ्यात कावीळ होऊन मामा आठवडाभरात गेले. खांदा द्यायला आम्ही कॉलेजातलेच चौघं होतो.

त्या शनिवारी संध्याकाळी मी प्रयोगशाळेला कुलूप लावायला गेलो. समुद्रफूल छान उघडलेलं होतं. सवयीने माझा हात पंपाच्या बटणाकडे गेला. तो मी मागे घेतला. पंप चालूच ठेवला आणि दार ओढून घेतलं.