तळहात माझा होता

नरसय्या वस्ताद गेल्याची बातमी मला वर्गात कळली. त्यांचा मुलगा मल्लय्या दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "मास्तर, नायना गेले." घरी ते तेलुगू बोलत, वडिलांना तो नायनाच म्हणे. महिना होत आला. आज लिहितो आहे ते मी सोळा वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं...

मी वस्तादांच्या तालमीत गेलो तो खोकल्याला कंटाळून. आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नसे. वस्तादांनी मला न्याहाळलं. "मास्तर, वारा सुटला की तुमाला धरायला माणूस लागंल. आदी उभं ऱ्हायला शिका की." सहा महिने नुसता पवित्रा! दिवसा ते मागावर लुगडी विणत आणि पहाटे दांडपट्टा शिकवत. कोपरापर्यंत हात झाकणारी मूठ, पुढे लवलवतं लांब पातं. त्यांचे गुरू एका शिलेदाराचे नातू. लढाया संपल्या, हत्यारबंदी आली, पट्टा मिरवणुकीपुरता उरला. मागावर आडव्या धाग्याचा धोटा फेकताना ज्याचा हात चुकत नाही त्याचा पट्ट्यावरही चुकणार नाही, असं म्हणून गुरूंनी आपली विद्या या विणकराला दिली. वस्तादांना त्याचा फार अभिमान होता.

माझा खोकला गेला, पाठ सरळ झाली. उनाड वर्गापुढे न ओरडता उभं राहता येऊ लागलं.

गणपतीच्या मिरवणुकीत, नवी पेठेत, वस्ताद शिष्याच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने कापत. सोळा वर्षांपूर्वी तो तळहात माझा होता. पातं खाली येताना मी हात मागे ओढला. बोटभरच... रक्त आलं. वस्तादाचा हात चुकला, असं गर्दीत कोणीतरी म्हणालं. माझी जखम बांधताना ते माझ्याकडे पाहत होते. मी बोलेन म्हणून थांबले असावेत. मग स्वतःच लोकांना म्हणाले, "व्हय, माजाच चुकला."

मी गप्प राहिलो. भित्रा म्हणून शाळेत हसं होईल, एवढंच कारण. पुढच्या वर्षी पट्टा शिकायला कोणी आलं नाही. तालमीत लाठी आणि कुस्ती तेवढी उरली. मी मात्र जात राहिलो आणि वस्ताद मला शिकवत राहिले. एकदा धीर करून विषय काढला, तर म्हणाले, "तुमाला उभं मी केलं हुतं. तुमी तयार नव्हता, ती चूक माजीच की." मला ते पटलं नाही, पण सोयीचं होतं.

तेराव्याला मल्लय्याला सगळं सांगितलं.

"मला कशाला सांगताय मास्तर? पेठंला सांगा."

म्हणून सांगतो. वस्तादांचा हात चुकला नव्हता, माझा हलला होता. त्या दिवशी पेठेत जे होते त्यांनी हे आपापल्या घरी सांगावं.

तालमीत शिरण्याआधी वस्ताद चौकटीत थांबत, दोन्ही पाय जमिनीवर नीट रोवत आणि मगच नजर वर करत. काल मीही तसाच थांबलो. मल्लय्याने आत बसलेल्या तालमीतल्या चौघा पोरांना उठवलं आणि त्यांना पवित्रा दाखवायला मला पुढे केलं. आता रोज पहाटे मी तिथे असेन. कोणाला काही विचारायचं असेल, तर त्याने जरूर यावं.