बिनविरोध गावातले एकनाथ सर

ग्रामसभेत ठराव मांडला जायचा, सगळे हात वर व्हायचे आणि मागून आवाज यायचा, "विरोधात कोण?" कुणीच नसायचं. मग एकनाथ सर स्वतःचाच हात वर करायचे. एकदा आमच्याच आळीला नळ द्यायचा ठराव होता. त्यासाठी सरांनीच पंचायतीत खेटे घातले होते. तरी हात वर. सगळी सभा हसली. घरी येताना मी विचारलं, "सर, आपल्याच नळाला विरोध?"

"नळाला न्हाई गं. पण विरोधाचा हात कसा दिसतो, ते गावाला म्हाईत नको का?"

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन या गावात आले. नारायणगावपासून एसटीने थोडं आत. सर आमचे शेजारी. पुष्कळ वर्षं झांबियात, तांब्याच्या खाणींच्या एका गावी गणित शिकवून ते नुकतेच परतले होते. गाव त्यांना 'झांबियाचं मास्तर' म्हणायचं. उंच, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी, आणि पायात तिकडून आणलेले जाड तळव्यांचे बूट. त्या बुटांनिशीच ते टोमॅटोच्या सरीत उतरायचे. बायको वारली होती, मुलगी पुण्यात. त्यामुळे संध्याकाळचा चहा आमच्या ओट्यावर.

चहाबरोबर झांबिया यायचं. "तिथं एकच पक्ष. दुसरा काढायचा न्हाई, कायदाच तसा. मतदान मात्र व्हायचं बरं का, आमच्याच शाळेत! चिठ्ठीवर अध्यक्ष पायजे आसंल तर गरुड, नको आसंल तर तरस."

"अगं बाई, तरसावर कोण शिक्का मारंल?" सासूबाई म्हणाल्या.

"आता कसं बोललात, वहिनी!"

पुढे तिकडे मक्याचं पीठ महागलं, लोक रस्त्यावर आले आणि शेवटी कायदा बदलावा लागला. दुसरे पक्ष उभे राहिले. ती निवडणूक सांगताना सरांचा आवाज खाली यायचा. "आमच्या शाळेचा शिपाई, चांगला पन्नाशीचा गडी. मतदान करून आला न् माझ्या टेबलाला टेकून रडाया लागला. म्हणला, सर, आज कागदावर दोन माणसांची नावं व्हती."

आमच्या गावात तर तरसही नव्हतं. होते ते फक्त अण्णा, वर्षानुवर्षांचे सरपंच. निवडणूक लागली की देवळात बैठक बसायची, अण्णा नावं वाचायचे, नारळ फुटायचा आणि गाव बिनविरोध. गावाला त्याचा अभिमानही होता. अण्णा वाईट नव्हते. शाळेच्या खोल्या, डांबरी रस्ता, स्मशानातली शेड, सगळं त्यांनीच आणलं. पण कुणी उलट बोललं की त्याची कालव्याच्या पाण्याची पाळी काही ना काही निमित्ताने पुढे जायची.

अण्णा आणि सर लहानपणी एकाच बाकावर बसलेले. एका बैठकीत नावं वाचून झाल्यावर सर उठले. "अण्णा, मी उभा ऱ्हातोय. तुझ्याविरुद्ध."

अण्णांना राग येण्याआधी नवलच वाटलं. "काय वाकडं केलं रं मी तुझं?"

"काईच न्हाई. वाकडं केलं आसतंस तर भांडण झालं आसतं. ही निवडणूक हाय."

सर सपाटून पडले. त्या उन्हाळ्यात त्यांची पाण्याची पाळी अशी काही लांबली की उभा टोमॅटो करपला. ते कुणाकडे तक्रार घेऊन गेले नाहीत. निकालाच्या दिवशी मात्र हार घेऊन अण्णांच्या दारात उभे राहिले होते. आमचे यजमान चिडले, "सर, हे कशाला?" तर म्हणाले, "पडलेला माणूस बी हार घालतो न् दुसऱ्या दिवशी शेतावर जातो, येवढंच गावाला दाखवायचं व्हतं."

ते गावाने पाहिलं होतं. पुढच्या खेपेला सरांना उमेदवार शोधावे लागले नाहीत. दोन पॅनेल झाली, सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, आणि सरांनी मला उभं केलं. आम्ही जिंकलो. सरही निवडून आले. गुलाल उधळला, पण पोरांना त्यांनी दम भरला, "अण्णाच्या दारावरून मिरवणूक न्यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या दाराला अण्णांच्या पुतण्याचं कुलूप. आमची पोरं पहार घेऊन धावली. समोरून त्यांचीही पोरं काठ्या घेऊन आली. सर मधे जाऊन उभे राहिले. "कुलूप तुटलं तर गाव तुटंल. आत जायची येवढी घाई हाय व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल गं माझ्यासंगं."

अण्णा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्या बायको, काकी, म्हणाल्या, "कालपासनं घास न्हाई पोटात." सर खाटेच्या कडेला टेकले. भिंतीकडे बघतच अण्णांनी विचारलं, "मास्तर, तुझ्या तिकडचा त्यो अध्यक्ष. पडल्यावर काय केलं रं त्यानं?"

"टीव्हीवर आला. हरलो म्हणला. न् गेला घरी."

"कुणी मारला न्हाई?"

"न्हाई."

"लोक हसली आसतील."

"हसली आसतील की. पण नवा पक्ष यायला एक दिवस लागला, अण्णा. जुना माणूस सरळ घरी गेला, ते समद्यात आवघड काम. ते त्यालाच करावं लागलं. दुसऱ्याला ते जमत न्हाई."

अण्णा उठून बसले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सावरला. म्हणाले, "अण्णा, पहिल्या सभेला तुम्ही या. आमचं चुकलं तर सांगायला माणूस लागेल."

त्यांनी पुतण्याला हाक मारली, "जा, कुलूप काढ." मग काकींकडे वळून, "ताटं कर. मास्तर बी जेवंल."

पाच वर्षं अण्णांनी मला सळो की पळो करून सोडलं. गटाराचा उतार, दिव्यांचे खांब, सगळ्याचा जाब. मी रडकुंडीला आले की सर खुशीत म्हणायचे, "आता कशी पंचायत वाटती!"

पुढच्या खेपेलाही सर निवडून आले, पण मुदत संपायच्या आत हृदयविकाराने गेले. दशक्रियेला नदीच्या घाटावर गर्दी मावेना. आपल्याकडे दशक्रिया म्हणजे भाषणं आलीच. आमच्याच पॅनेलचा एक तरणा पुढारी माइकवर म्हणाला, "सरांची जागा आपण बिनविरोध भरू. हीच त्यांना खरी श्रद्धांजली."

लोकांनी माना हलवल्या. तेवढ्यात अण्णा काठी टेकत पुढे आले. त्यांनी माइक घेतला.

"मास्तराच्या जागेवर बिनविरोध?" ते म्हणाले. "जलमभर मला पाडायची खटपट केली त्यानं. माझा लई जवळचा माणूस व्हता. त्याची जागा अशी फुकट भरायची न्हाई. माझी सून उभी ऱ्हाईल. तुमी बी चांगला माणूस द्या."

पोटनिवडणूक झाली. अण्णांची सून आणि आमच्या आळीची सुमन. पाऊस असूनही दुपारपर्यंत रांग हटली नाही. निकाल मोजक्या मतांनी लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी एकाच टेम्पोत, टोमॅटोच्या क्रेटवर शेजारी शेजारी बसून नारायणगावच्या मार्केटला गेल्या.