एकवीस दिवसांची तिरीप

माझ्या दादाला डॉक्टरकडे न्यायला मी एकवीस दिवस उशीर केला.

पन्नास वर्षं हे वाक्य पोटात ठेवलं. आज त्याला जाऊन आणखी एक वर्ष झालं, म्हणून इथे लिहून टाकतेय. नातीने मोबाईलवर मराठी टाईप करायला शिकवलंय, आता तुमची सुटका नाही.

आम्ही मुंबईजवळच्या मुर्धा गावचे. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तेव्हा आमच्या मागच्या दारातून थेट मिठागरं दिसायची. बाबा आणि दादा दोघंही मिठावरच कामाला.

दादा सव्वीसचा. मी वीसची, आमच्या आळीतली एकमेव मॅट्रिक पास मुलगी. त्याचा तोरा किती होता ते विचारू नका.

दादाची किडनी बिघडली होती. अंगावर सूज यायची. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याला स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि जेवणातलं मीठ बंद झालं.

मिठागरातल्या माणसाचं मीठ बंद.

"आता मिठाकडं नुसतं बगायचं," असं म्हणून तो स्वतःच हसायचा आणि अळणी भात गिळायचा.

वर्षभरात गोळ्यांनी चेहरा गोल गरगरीत झाला. शेजारणी आईला म्हणायच्या, पोरगा बाळसं धरतोय हो.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. या गोळ्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होते. साधा ताप आला, डोकं दुखलं, तरी घरी थांबायचं नाही. मी मान डोलावली, शाळेत न कळलेल्या गणिताला डोलवायचे तशीच.

चैत्रात दादाचं डोकं दुखायला लागलं. उजेड सोसेना.

आमच्याकडे याला तिरीप लागली म्हणायचे. भर उन्हात पांढऱ्या मिठावरून जी चमक डोळ्यांत घुसते, तिने दर उन्हाळ्यात अर्ध्या गावाची डोकी धरायची. उपाय ठरलेला. खोलीत अंधार करायचा, डोळ्यांवर ओलं फडकं ठेवायचं, तळपायाला कांदा चोळायचा. दोन-तीन दिवसांत माणूस उठून कामाला जायचा.

दादा आता फावडं मारत नव्हता, पण रोज बांधावर जाऊन बसायचा. घरी करमायचंच नाही त्याला.

आई म्हणाली, हॉस्पिटलात नेऊया का?

मी म्हटलं, तिरीप आहे ती. मुंबईच्या डॉक्टरला काय कळतंय त्यातलं.

हे मी म्हटलं. मॅट्रिक पास.

मधेच दुखणं कमी व्हायचं, आम्हाला वाटायचं उतरली तिरीप. पुन्हा चढायचं. मग तो उलट्या करायला लागला. एकविसाव्या दिवशी त्याने मला आईच्या नावाने हाक मारली. मग मात्र पळालो.

वॉर्डात तो जरा भानावर आला. डॉक्टरांनी विचारलं, डोकं किती दिवसांपासून दुखतंय? मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "चार दिस झालं."

त्या अवस्थेतसुद्धा त्याला माझीच काळजी. मला बोलणी बसू नयेत म्हणून.

गप्प राहावंसं वाटलं मला. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, फार वाटलं.

"एकवीस दिवस," मी म्हटलं.

डॉक्टर जे बोलले ते सगळ्या वॉर्डाने ऐकलं. पण बोलून झाल्यावर ते थबकले. इतके दिवस रेंगाळलं म्हणजे हे काहीतरी सावकाश वाढणारं आहे, म्हणाले. त्यांनी दादाच्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, त्यात काळ्या शाईचा थेंब मिसळला आणि मायक्रोस्कोपखाली धरला.

मलाही बघू दिलं. काळ्या चिखलात मिठाचे खडे पडावेत तसे गोल गोल पांढरे ठिपके.

बुरशी होती ती. मेंदूच्या आवरणाला लागलेली. डॉक्टर म्हणाले, मातीत असते, पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेत असते, तुमच्या-माझ्या श्वासातही जाते. धडधाकट माणसाचं सहसा काही बिघडत नाही. गोळ्यांनी दुबळ्या झालेल्या अंगात मात्र ती घर करते.

औषध होतं, पण जहाल. काळ्या कागदात गुंडाळलेली सलाइनची बाटली लावली की तासाभरात दादाला हुडहुडी भरायची. मे महिन्यात अंगावर दोन ब्लँकेट टाकून मी त्याचे पाय धरून बसायचे. सिस्टर म्हणायच्या, जरा चहा पिऊन ये. मी नाही उठायचे.

औषधाने डोकं दुखायचं थांबलं. उजेड सोसायला लागला. दोन आठवडे माझा दादा मला परत मिळाला, अगदी पूर्वीसारखा, टिंगल करणारा.

पण त्या औषधाचा भार किडनीवर पडतो. त्याच्या किडन्या मुळातच थकलेल्या. लघवी बंद होत गेली. एका सकाळी डॉक्टर बाबांना म्हणाले, आता त्याला हवं ते खाऊ द्या.

दादाने मीठ मागितलं.

बाबा दुसऱ्या दिवशी आमच्या आगरातलं मीठ रुमालात बांधून घेऊन आले. मी एक खडा त्याच्या जिभेवर ठेवला. तो डोळे मिटून कितीतरी वेळ चघळत राहिला.

मला राहवलं नाही. म्हटलं, दादा, मी तिरीप म्हटलं नसतं तर...

"मना पन तिरीपच वाटली ना, बाय," तो म्हणाला. "मी काय आगरात नवा हाय?"

मग जीभ ओठांवरून फिरवली. "यंदा मीठ बरं पिकलंय."

तिसऱ्या दिवशी तो गेला.

तुमच्या घरात कोणी बरेच दिवस स्टेरॉइड घेत असेल, किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील आणि डोकं दुखायचं थांबत नसेल, तर घरच्या घरी नाव देऊ नका त्या दुखण्याला. उठा आणि घेऊन जा. एवढ्यासाठीच ही पोस्ट.

दरवर्षी आजच्या दिवशी मी अळणी जेवते. संध्याकाळी त्याच्या फोटोपुढे खडेमीठ ठेवते आणि त्यातला एक खडा तोंडात टाकते.

दादा, तू मला माफ केलंस. मीच स्वतःला अजून करतेय.

येते रे. पुढच्या वर्षी पुन्हा मीठ घेऊन बसू.