रुख्माबाईच्या न दिसणाऱ्या गाठी

सक्करदऱ्याकडच्या एका शाळेत रुख्माबाई घंटा वाजवायची, पाणी भरायची आणि विज्ञानाच्या खोलीतली काचेची कपाटं पुसायची. कपाटांना कुलपं आणि वर ‘हात लावू नये’ अशी पाटी. अकरा वर्षं तिने त्या काचा पुसल्या, पण आतली एक वस्तू कधी बाहेर आलेली पाहिली नाही. पोरांनीही पाहिली नव्हती. तेव्हा आमच्याकडे विज्ञानाला लांबूनच नमस्कार करायची रीत होती.

१९७४ साली मनोहरराव नावाचे नवे विज्ञानशिक्षक आले आणि त्यांनी आल्याआल्या ती पाटी काढली. डिसेंबरात शाळेत विज्ञान मेळावा भरायचा होता, बाहेरगावच्या शाळाही येणार होत्या. त्यात एक टेबल असं ठेवायचं की येईल त्या पोराने स्वतःच्या हाताने विजेचं लोहचुंबक चालवून पाहायचं, असं त्यांनी ठरवलं. सेल आणले, बोल्ट आणले, टाचण्या आणल्या. पण चाळीस बोल्टांवर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळणार कोण? रुख्माबाई म्हणाली, मी.

ती तांडापेठेतल्या कोष्ट्याची सून. लग्न होऊन आली तशी सासऱ्याच्या हातमागासाठी कांड्या भरायला बसली, म्हणजे चरखा फिरवून छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळून द्यायला. पुढे मागाचं काम बसलं, नवरा जागेश्वर गिरणीत लागला आणि ती शाळेत आली. बोटं मात्र काही विसरली नव्हती. तिने नळीच्या जागी बोल्ट बसवला आणि आठ दिवसांत चाळीसही भरून दिले. वेढ्याला वेढा असा लागलेला की बघत राहावं. मेळाव्याच्या सकाळी मनोहरराव भेटेल त्याला सांगत सुटले की मशीनला जमायचं नाही असं काम आमच्या रुख्माबाईंनी केलंय. बाई पदराआडून हसत होती आणि त्या टेबलापासून हलायचं नाव घेत नव्हती. पहिली घंटा पाच मिनिटं उशिरा झाली ती त्यामुळे.

मग पोरं आली. तारेची टोकं सेलला टेकवली की बोल्टाला टाचण्यांचा घोसच लटकायचा आणि एकच गिल्ला व्हायचा. एकाने बहिणीच्या वेणीतला आकडा उचलून पाहिला, दुसऱ्याने मास्तरांच्या छत्रीची काडी. पण चारपाच बोल्ट मात्र ढिम्म. त्यातला एक आला काटोलच्या कुसुमावतीच्या वाट्याला. सातवीतली मुलगी, पहाटेच्या एसटीने आलेली. दुसरा बोल्ट घे म्हटलं तरी ऐकेना. माझाच काहून चालत नाही, एवढंच ती विचारत राहिली.

मनोहररावांनी सेल बदलले, टोकं घासली, कपाळावरचा घाम पुसला. तेवढ्यात मुख्याध्यापक येऊन सांगून गेले की बाराला अधिकारी यायचे आहेत, हे बिघडलेलं टेबल त्याआधी उचला आणि काचेच्या पेटीतलं मॉडेल मांडा. मागे साठसत्तर पोरं रांगेत उभी होती. मनोहरराव कुसुमावतीला पडल्या आवाजात समजावू लागले, ‘‘या तारेवर वार्निशचा थर असतो. त्यातून वीज जात नाही. म्हणून तर आपण टोकं खरवडतो.’’

रुख्माबाईने ते ऐकलं आणि काय बिघडलंय ते तिला कळलं. भरताना तार तुटली होती. एकदा नाही, कितीतरी वेळा. सूत तुटलं की कोष्ट्याची बाई करते तेच तिने केलं होतं. टोकाला टोक लावलं, बोटावर गाठ मारली आणि ती वेढ्यात अशी दडवली की कुणाच्या बापाला दिसू नये. गाठ दिसली तर सासू दिवसभर बोलायची. वार्निश खरवडायचं असतं हे तिला कोण सांगणार?

बोलली नसती तर कुणाला कळणार नव्हतं. दोष सेलवर गेला असता, फार तर मास्तरांवर. सकाळपासून मिळालेलं कौतुक पदरात राहिलं असतं, आणि अशा कौतुकाची तिला सवय नव्हती. तिने एकदा रांगेकडे पाहिलं.

‘‘सर,’’ ती म्हणाली, ‘‘तार मायाच हातून तुटली होती. मी गाठी मारल्या, अन् दिसू नाही म्हणून दडवल्या. पोराइले परत नका पाठवू.’’

मनोहरराव एवढ्या मोठ्याने हसले की रांग गप्प झाली. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, गाठ सापडणार कशी? रुख्माबाई खाली फतकल मारून बसली, कुसुमावतीला जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘‘डोये मिट वं. गाठ डोयाले नाही दिसत, बोटाले लागते.’’

पोरगी डोळे मिटून एकेक वेढा उलगडत गेली. गाठ सापडली तशी किंचाळलीच. ब्लेडने वार्निश खरवडलं, पीळ दिला, पुन्हा गुंडाळलं, आणि टाचण्या टपाटप चिकटल्या. मग काय, चालणारे बोल्ट टाकून सगळ्यांना बिघडलेलेच हवे झाले. बाराला अधिकारी आले तेव्हा वीसेक पोरं त्या चारपाच बोल्टांभोवती डोळे मिटून जमिनीवर बसलेली, आणि मधोमध शाळेची शिपाईबाई. काचेचं मॉडेल मांडायचं राहूनच गेलं.

पुढच्या वर्षीपासून मनोहरराव तिला मुद्दाम सांगू लागले, बारा बोल्टांची तार तोडून गाठी मारा. जन्मभर तुटलेलं सांधत आलेल्या बाईला हातातली धड तार तोडणं फार जड जायचं. ती आधी हात जोडायची, मग तोडायची. बारा कोणते, ते मात्र ती मनोहररावांनाही सांगत नसे. त्यांनाही पोरांबरोबर खाली बसून डोळे मिटावे लागत.